फिस्कच्या मुलांचे गाणे



गाण्याने माणूस सुधारतो, असे व्यासपीठावरून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. माझा या विधानावर फारसा विश्वास नाही. गाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांत सज्जन जितके भेटले तितकेच तऱ्हेवाईकही भेटले. तेव्हा शाळेतील समूहगानाचा तरुण मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न हातात घेतला, तर सुविचारांच्या फळ्यावर लिहिण्याजोगे उत्तर मजकडून मिळणार नाही. पण इतिहासात असा एक प्रसंग आहे की जेथे हा प्रश्न अगदी उघडावाघडा होऊन आपल्यापुढे उभा राहतो. तो प्रसंग अमेरिकेतला. ज्यांना काल-परवापर्यंत बाजारात विकले जात होते, अशा काळ्या मुलांना शाळेत घातले गेले आणि त्या शाळेने त्यांना एकत्र उभे करून गायला लावले. त्यांचे पुढे काय झाले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सुमारे चाळीस लक्ष गुलाम कायद्याने मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे काय झाले? जमीन नाही, घर नाही, आडनाव बहुधा पूर्वीच्या धन्याचे, आणि अक्षरओळख नाही. कारण दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकविणे हा गुन्हा होता. या लोकांसाठी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी १८६६ च्या जानेवारीत एक शाळा निघाली. क्लिंटन फिस्क नावाच्या सेनाधिकाऱ्याचे नाव तिला दिले. शाळेला इमारत कसली, तर युद्धात जखमी शिपायांसाठी बांधलेल्या लाकडी इस्पितळाच्या बराकी. अंकलिप्या विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा गुलामांच्या कोंडवाड्यातील गंजलेल्या बेड्या नि साखळ्या भंगारात विकून ते उभे केले, असे त्या शाळेतील लोक सांगत आले आहेत.

पाच वर्षांत त्या बराकी कुजल्या. शाळा बंद पडायची वेळ आली. शाळेचा खजिनदार जॉर्ज व्हाइट हा न्यूयॉर्क राज्यातील एका लोहाराचा मुलगा. गोरा, ताडमाड उंच, उत्तरेच्या सैन्यातून लढलेला. संगीताचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. कान मात्र होता. हिशेबाच्या वह्यांतून वेळ काढून तो मुलांना गाणे शिकवी. १८७१ च्या ऑक्टोबरची ६ तारीख त्याने धरली आणि तिजोरीत जे काही उरले होते ते घेऊन नऊ मुलामुलींसह तो उत्तरेकडे निघाला. गाऊन पैसे मिळवायचे आणि शाळा वाचवायची, असा हा बेत. संस्थेतील वडीलधाऱ्यांना तो बेत साफ वेडेपणाचा वाटला. मुली पाच, मुलगे चार. मुलींची हकीकत, विशेषतः पियानो वाजविणाऱ्या एला शेपर्डची, स्वतंत्र व्याख्यानाला पुरेल. आज मला त्या चार मुलग्यांबद्दल बोलायचे आहे: बेंजामिन होम्स, टॉमस रटलिंग, आयझॅक डिकर्सन आणि ग्रीन एव्हन्स.

हा होम्स लहानपणी चार्ल्सटन शहरात एका शिंप्याच्या हाताखाली होता. गावातून निरोप पोहोचवायला जाता-येता दुकानांच्या पाट्या आणि दारांवरची नावे पाहून तो अक्षरे शिकला. पुढे युद्ध चालू असता त्याला विक्रीसाठी कोंडवाड्यात टाकले गेले. तेथे त्याच्या हाती एक वर्तमानपत्र लागले आणि त्यात लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा होता. तो त्याने कोंडलेल्या सगळ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखविला. डिकर्सन पाच वर्षांचा होण्यापूर्वीच पोरका झाला होता. रटलिंगची आई वारंवार पळून जाई म्हणून तिला दूर विकून टाकली. ताटातुटीची ती वेळ हीच त्याची पहिली आठवण. पुढे तो धन्याच्या जेवणघरात वाढप्याचे काम करी. टेबलावर चाललेल्या युद्धाच्या गोष्टी ऐकाव्यात, चेहरा मख्ख ठेवावा आणि रात्री झोपड्यांत जाऊन बातमी सांगावी, हा त्याचा शिरस्ता. म्हणजे पाहा, कान तयार होता, आवाज मात्र दाबलेला होता.

येथे आवाजाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या तरुणाला दोनच आवाज मंजूर होते. एक 'होय धनी' म्हणण्याचा. दुसरा विदूषकाचा. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची नक्कल करीत, वेडेवाकडे नाचत, अर्धवट भाषेत विनोद करीत, आणि हे खेळ त्या देशात कमालीचे लोकप्रिय होते. काळा तरुण म्हणजे आळशी, हसरा आणि मूर्ख, हे चित्र उत्तरेकडील लोकांच्या मनात या तमाशांनी पक्के बसविले होते. न्यूआर्क शहरी या गायकांना एका खाणावळवाल्याने असलीच काजळीवाली मंडळी समजून खोल्या दिल्या. चेहऱ्याचा काळा रंग धुऊन जाणारा नाही असे ध्यानात येताच त्याने त्यांना बाहेर काढले. खोटा काळा चालतो, खरा चालत नाही! याहून त्या समाजाचे नेमके वर्णन मला करता येणार नाही.

व्हाइटने या मुलांकडून काय करून घेतले? आपल्याकडे गाणे म्हणजे एकट्याचे. गवई एक, बाकीचे साथीदार. फार तर भजनात नाहीतर मेळ्यात सगळे मिळून एकच चाल म्हणतात. पाश्चात्त्य वृंदगानाची गोष्ट निराळी. तेथे उंच, मधले, खालचे असे चार थर एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवरून चालतात आणि त्या सर्वांचा मिळून एक घाट बनतो. खर्जातल्या मुलाने आपला स्वर सोडला, की वरचा सगळा मनोरा डळमळतो. आणि त्याने तो फार जोराने लावला, तरीही डळमळतो. व्हाइटचा सारा भर हळू गाण्यावर होता. एकाचा आवाज वेगळा ऐकू आला, की तो थांबवी. आवाज इतका खाली आणायचा की तो जवळजवळ श्वासासारखा व्हावा, आणि तरी सभागृहातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा. हे गायला मोठ्याने ओरडण्यापेक्षा कितीतरी कठीण. दम लागतो, पोटातून आधार लागतो, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याचे ऐकावे लागते. हुकूम ऐकणारा आणि शेजाऱ्याचा स्वर ऐकणारा, या दोघांचे ऐकणे मला एक वाटत नाही. गुलामीतून आलेल्या या मुलांना पहिले ऐकणे चांगले ठाऊक होते. दुसरे ते येथे शिकले.

आता यातील सर्वांत नाजूक भाग. निघाले तेव्हा ही मुले इंग्रजी गीते, देशभक्तीची पदे, युरोपीय रचना असेच गात असत. आपल्या आईबापांची गाणी, म्हणजे गुलामगिरीत जन्मलेली भक्तिगीते, ती सभेत गात नसत. ती त्यांच्या घरची होती. त्यांत मायबापांचे रडणे होते, आणि ते परक्यांपुढे मांडायची त्यांना लाजही वाटे आणि ते पाप आहे असेही वाटे. व्हाइटला ती ऐकविली तीसुद्धा एकांतात, दारे-खिडक्या लावून. पहिल्या दौऱ्यात लोक इंग्रजी गाण्यांना सौजन्याने टाळ्या वाजवीत आणि थाळीत नाणी टाकायला विसरत. सिनसिनाटीला पन्नास डॉलरही जमले नाहीत. त्याच आठवड्यात शिकागो शहर आगीत भस्म झाले होते, तर मुलांनी आपली ती सगळी कमाई आगग्रस्तांना देऊन टाकली! नोव्हेंबरात ओबर्लिन येथे पाद्र्यांची परिषद चालू होती. तेथे त्यांनी घरचे एक गाणे अगदी हळू आवाजात धरले. सभा बोलायची थांबली. येथून त्यांचे दिवस पालटले. डिसेंबरात ब्रुकलिनच्या बीचर या नामवंत धर्मोपदेशकाच्या देवळात गाणे झाले, मार्चमध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे व्हाइट हाउसमध्ये. आणि १८७२ च्या वसंतात ते वीस हजार डॉलर घेऊन नॅशव्हिलला परतले. तोवर त्यांचे बारसेही झाले होते. बायबलात दर पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळे करण्याचा जो जुबिली सण सांगितला आहे, त्यावरून 'जुबिली सिंगर्स'.

१८७३ साली ही मंडळी इंग्लंडात गेली, राणी व्हिक्टोरियापुढे गायली. लंडनमध्ये एडमंड हॅवेल या चित्रकाराने त्यांचे भव्य सामूहिक चित्र काढले. ते फिस्कमध्ये जतन केलेले आहे. चित्रातले तरुण लांब कोट घालून नीट पोशाखात आहेत, आणि कोणीही हसत नाही. आपल्या श्रोत्यांना येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि त्याची अर्पणपत्रिका निग्रो लोकांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांच्या नावे आहे. 'निग्रो' हा त्या काळचा शब्द. जोतीरावांनी मुक्त करणाऱ्यांचे आभार मानले. मुक्त झालेले त्याच सुमारास लंडनमध्ये गाऊन स्वतःची शाळा बांधीत होते.

सात वर्षांत या गायकांनी सुमारे दीड लक्ष डॉलर जमविले. त्यांतून जुबिली हॉल ही पक्की इमारत उभी राहिली आणि १ जानेवारी १८७६ रोजी तिचा समर्पण-समारंभ झाला. हे यश सर्वांना ठाऊक असते. मला विचारायचे आहे ते वेगळे. मुलांचे काय झाले? ज्या शाळेसाठी ते गायले त्या शाळेत शिकायला त्यांना सवड राहिली नाही. मूळच्या नऊ जणांपैकी एकानेही फिस्कची पदवी घेतल्याचे दिसत नाही. थंडीपाऊस, रात्रीच्या आगगाड्या, नाकारलेल्या खोल्या, आज एका गावी तर उद्या दुसऱ्या, यांत प्रकृतीही गेल्या. होम्स क्षयाने १८७५ साली वारला. ज्या इमारतीसाठी त्याने छातीतला वारा खर्च केला, तिचा समारंभ त्याने पाहिला नाही. शाळेने मुलांना वाढविले की मुलांनी शाळेला, असा हिशेब मांडायला बसले तर शाळा ऋणकोच ठरेल.

बाकीचे तिघे मात्र लक्षात ठेवण्यासारख्या वाटांनी गेले. डिकर्सन परत फिरलाच नाही. एडिंबरोच्या विद्यापीठात शिकला, धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली लंडनजवळ प्लमस्टेड येथे वारला. रटलिंगही युरोपातच राहिला, गात राहिला, शिकवीत राहिला. उत्तर इंग्लंडातील हॅरोगेट गावी १९१५ साली त्याचा अंत झाला. एव्हन्स लवकरच वृंदातून बाहेर पडून मायदेशी राहिला आणि १८८५ साली टेनेसीच्या विधिमंडळाचा सभासद झाला. गाण्यामुळे हे झाले असे कोणी म्हटले, तर मी म्हणेन की जरा थांबा. त्यांच्या अंगी मुळातच पाणी होते. पण काळ्या तरुणाने हजारोंच्या सभेपुढे उभे राहावे, सभा गप्प व्हावी आणि त्याने तोंड उघडेपर्यंत तिने वाट पाहावी, हा अनुभव त्या देशात त्या वेळी दुसरीकडे कोठे मिळत होता? विधिमंडळात उभे राहण्यापूर्वी एव्हन्सला तो मिळाला होता.

पाचवे नाव फ्रेडरिक लाउडिनचे. हा फिस्कचा विद्यार्थी नव्हे. उत्तरेत ओहायोमध्ये मोकळा जन्मलेला, धंद्याने मुद्रक. तरुणपणी आपल्या कमाईचा भाग तो नेमाने देवळाला देई. तेथल्या गायकवृंदात घ्या म्हणून अर्ज केला, तो त्याच्या रंगामुळे फेटाळला गेला. देवाला पैसा चालला, आवाज चालला नाही. १८७५ मध्ये तो जुबिली सिंगर्समध्ये आला, पुढे त्यांचा नायक झाला आणि १८८४ ते १८९० अशी सहा वर्षे त्याने आपल्या मंडळींसह पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मग आपला हिंदुस्थान, पुढे चीन-जपान. आग्र्याला ताजमहालाच्या घुमटाखाली उभे राहून त्यांनी गुलामांचे गाणे गायिले. त्या घुमटात स्वर किती वेळ रेंगाळतो, हे तेथे जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

पुढे पुढे या परंपरेला एक खोट जडली, तीही सांगितली पाहिजे. गाणे ही शाळेची भिक्षापात्र झाली. गोरे देणगीदार आले, की मुलांना बोलवा आणि आजोबांची गाणी म्हणायला लावा, असा प्रघात दक्षिणेतील काळ्यांच्या अनेक शाळांत पडला. जे गाणे होम्स-रटलिंगने दारे लावून जपले होते, ते पाहुण्यांच्या फराळाबरोबर वाढले जाऊ लागले. विसाव्या शतकातल्या तरुणांना याचा संताप येई, आणि तो रास्त होता. फिस्कचा माजी विद्यार्थी विल्यम डू बॉइस हा थोर विद्वान. १९०३ च्या आपल्या ग्रंथातले अखेरचे प्रकरण त्याने याच गीतांना वाहिले आहे. फिस्कला शिकायला गेला तेव्हा जुबिली हॉल त्याला या गाण्यांनीच बांधल्यासारखा भासला होता. त्याच डू बॉइसने १९२४ साली फिस्कच्या गोऱ्या अध्यक्षांवर जाहीर आरोप केला, की गायकवृंदातील मुलींना गोऱ्या पुरुषांच्या क्लबात मागच्या गल्लीतून नेऊन, खात-पीत बसलेल्यांपुढे गायला लावले. १९२५ च्या फेब्रुवारीत मुलांच्या वसतिगृहात बंड झाले. शंभरेक विद्यार्थी रात्रीचा नियम मोडून पटांगणात उतरले, प्रार्थनामंदिरातली बाके उलथली, खिडक्या फुटल्या, पोलीस आले. आणि त्या रात्री ती मुले ओरडत काय होती? एका जुन्या भक्तिगीतातले शब्द: गुलाम म्हणून जगण्यापेक्षा मातीत जाणे बरे, अशा अर्थाचे. पाहुण्यांपुढे म्हणायला लावलेले गाणे त्यांनी असे परत घेतले. एप्रिलात अध्यक्षांनी राजीनामा दिला. शिक्षण हे असे अनपेक्षित ठिकाणी फळते. शिक्षकांना ते बहुधा आवडत नाही.

याच फिस्कमध्ये १९०५ साली रोलंड हेझ नावाचा जॉर्जियातील मुलगा आला होता. आईबाप गुलामीतून सुटलेले. हा लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होता. त्याला पदवी मिळाली नाही, पण जुबिली सिंगर्सबरोबर तो १९११ साली बोस्टनला गायला आणि पुढे जगातल्या मोठ्या एकल गायकांत गणला गेला. १९२४ साली बर्लिनला तो रंगमंचावर आला, तेव्हा सभागृहाने फूत्कार आणि शिट्या सुरू केल्या. काळ्या माणसाने जर्मन गीते गावीत, हे त्यांना सोसेना. हेझ हलला नाही. पियानोजवळ हात जोडून उभा राहिला. दहाएक मिनिटे अशी गेली, गोंगाट ओसरला, आणि मग त्याने शूबर्टचे एक शांतिगीत अतिशय हळू आवाजात उचलले. त्या रात्री बर्लिनकर त्याच्यापुढे नमले. ते हळू गाणे त्याला फिस्कनेच दिले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ओबर्लिनची ती सभा आठवल्यावाचून मात्र राहत नाही.

फिस्कमध्ये मुलगे-मुली मिळून गात. केवळ तरुण पुरुषांचा वृंद पाहायचा, तर अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयाकडे जावे लागते. तेथील गायनमंडळ १९११ साली निघाले. पहिली बेचाळीस वर्षे केम्पर हॅरल्ड, मग १९५३ पासून वेंडेल व्हेलम, १९८७ पासून डेव्हिड मॉरो. शंभराहून अधिक वर्षांत तीनच गुरू. अशी सलग तालीम आपल्याकडे घराण्यांतच सापडते. मार्टिन ल्यूथर किंग हा याच महाविद्यालयाचा १९४८ चा पदवीधर. १९६८ च्या एप्रिलात त्याची अंत्ययात्रा महाविद्यालयाच्या आवारात आली, तेव्हा या मंडळाच्या मुलांनी गायिले. विशी न ओलांडलेल्या त्या मुलांना त्या दिवशी घसा दाटून चालणार नव्हते. खर्जातल्याने स्वर सोडला तर मनोरा डळमळतो, हे मी मघाशी म्हणालो. ते नुसते संगीतापुरते नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वॉल्टर टर्नबुल या मिसिसिपीच्या तरुण गायकाने देवळाच्या तळघरात लहान मुलांचा वृंद सुरू केला. गल्लीत टोळ्या, घरात दारिद्र्य, आणि हा माणूस पोरांना बाख शिकवितो! पण पोरे आली. टर्नबुलचा आग्रह होता की गृहपाठ झाल्याखेरीज तालीम नाही, आणि वेळेवर न येणारा दौऱ्यावर नाही. पुढे या वृंदाची स्वतःची शाळा झाली, तो देशोदेशी गायला, १९८९ च्या 'ग्लोरी' या काळ्या पलटणीवरच्या चित्रपटात त्याचा आवाज आहे. पुष्कळ मुले महाविद्यालयांत गेली. आणि मग २००१ साली तेथील एका नोकराने विद्यार्थ्यावर अत्याचार केल्याचे उघड झाले. चालकांनी वेळीच पावले उचलली नाहीत, असा चौकशीत ठपका आला. देणग्या आटल्या, इमारत सोडावी लागली, २००७ च्या मार्चमध्ये टर्नबुल वारला आणि त्याच वर्षी वृंदही संपला. एका माणसाच्या प्रतिष्ठेवर उभ्या केलेल्या संस्थेत मुलांचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न गाणे कितीही सुरेल असले तरी उरतोच. ही हकीकत गाळून समूहगानाची स्तुती करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

फिस्कचे गाणे मात्र चालू आहे. १९९४ पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे तेथील वृंदाचे नायक पॉल क्वामी होते. ते जन्माने आफ्रिकेतील घाना देशाचे; म्हणजे ज्या किनाऱ्यावरून या मुलांचे पूर्वज जहाजांत कोंडले गेले, त्या बाजूचा माणूस तीच गाणी त्यांच्या पणतवंडांना शिकवीत होता. त्यांच्या नेतृत्वाखाली २०२१ साली वृंदाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०२२ मध्ये ते वारले. दरवर्षी ६ ऑक्टोबरला वर्ग बंद असतात. सभा होते, गाणे होते, आणि मग आताचे गायक नॅशव्हिलच्या दफनभूमीत पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात, वाजविणारे कोणी बरोबर न घेता, आणि तेथे उभे राहून हळू आवाजात गातात.